आक्का, गोळी घेतली होतीस का?

आक्का, तुझ्या दारात पाय ठेवला तेव्हा मी रडले नाही. तुझी सून रेखा भिंतीला टेकून बसली होती, दोन बायकांनी तिला दोन्हीकडून धरलं होतं, आणि मी तिच्यापुढे वाकून विचारलं, "आक्कानं गोळी घेतली होती का?"

रेखाने मान वर केली. कुणी तोंडात मारावी आणि का मारली ते कळू नये, तसं तिचं तोंड झालं. "मला काय म्हाईत?" एवढंच म्हणाली आणि तिने पदर तोंडात कोंबला. मागून कुणीतरी विचारलं, ही कोण. दुसरीने सांगितलं, शेडवरची कोकणी. मग सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर गेल्या. हात लाल होते. सकाळी बाजारातून आल्यापासून मी शेडमध्ये चहासाठी अंबाडीची बोंडं सोलत होते, फोन आला तशी धावत सुटले, हात धुवायचं सुचलंच नाही. त्याच हातांनी मी तुझे पाय धरले. थंड होते. शेडमध्ये तू कायम अनवाणी फिरायचीस, चपलेची धूळ बोंडांवर बसते म्हणून. ते पाय इतके थंड कसे, हे मला अजून समजलेलं नाही.

पाणी तापवायला उठलीस आणि पडलीस, असं रेखा नंतर म्हणाली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालं होतं. डोक्यातली शीर फुटली म्हणे. लोक मातीला आले, तुला घेऊन गेले, परत आले, आणि माझ्या डोक्यात तेच एक घुमत राहिलं: घेतली होती का? की आपल्या चहानं तुला मारलं?

असं विचारणं वाईट दिसतं, मला कळतं. पण आदल्या संध्याकाळी आपल्या दोघींत काय झालं ते तुला आणि मलाच ठाऊक आहे. छापखान्यातून नव्या पाकिटाचं लेबल नमुन्याला आलं होतं. वर बोंडाचं लाल चित्र, खाली हे एवढ्या अक्षरांत 'रक्तदाबावर रामबाण'. तू ते खांबाला टेकवून लांबून बघत होतीस, पोरीचा फोटो बघावा तशी. मी म्हटलं, हे छापू नकोस. ट्रेनिंगला मॅडमनी काय सांगितलं होतं आठव.

"मॅडम पगारावर हायत," तू म्हणालीस. "त्यान्ला पाकिटं इकायची न्हाईत."

मी चिडले. मी घाबरले की चिडते, हे तूच मला सांगितलं होतंस. म्हटलं, तू स्वतः बीपीच्या गोळ्या सोडल्यास, त्यातच आता हे. एक दिवस पडशील आणि लोक म्हणतील, स्वतःच्या चहानंच गेली.

तू बोंडांचा चुरा पदरात भरत होतीस. चांगली अखंड बोंडं तू घरी कधी नेली नाहीस, चुराच न्यायचीस. वर न बघता म्हणालीस, "पडले तर उचलाय तू हायसच की." मग फाटकातून वळून, भांडण झालंच नसल्यासारखं, "उद्या येताना लिंबं आण. बारकी नकोत."

ती लिंबं मी आणली होती, आक्का. मोठी आणली होती. पण तू पडलीस तेव्हा उचलायला मी नव्हते. मी लिंबं निवडत होते.

सोलापुरात आले तेव्हा मला काय येत होतं? सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि काजूची फॅक्टरी अलीकडे. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात बहुतेक मुलींचं असंच होतं. काजूच्या तेलानं हात काळे झाले, ते लग्नापर्यंत काळेच राहिले. नवऱ्याला इथल्या ट्रान्सपोर्टमध्ये गाडी मिळाली म्हणून अक्कलकोट रोडला तुझ्या गल्लीत खोली घेतली. गाडी गेली की तो चार-चार दिवस येत नसे. समुद्र नाही, मासळीचा वास नाही, आणि नळाला पाणी कधी येईल ते शेजारच्यांना माहीत, मला नाही. पाणी येऊन गेल्यावर मी रिकामी घागर घेऊन उभी, आणि तू तुझ्या पिंपातलं पाणी माझ्या घागरीत ओतत विचारलंस, कुठली गं तू. घाबरून तोंडातून घरचीच भाषा आली, 'मला'ऐवजी 'माका' म्हणाले. तू हसून खाली बसलीस. आमच्यात मका म्हणजे कणीस, म्हणालीस. त्या दिवसापासून मी कोकणी. मी तुला तुम्ही म्हणाले तर तेही चालेना. तुमी म्हटलं की मला माझी सासू आठवते, म्हणालीस. आमच्याकडे आईला तू म्हणतात. मी तुला तू म्हणायला लागले आणि घरची आठवण जरा कमी झाली.

तुझं माहेर मैंदर्गी. तिथे भावाच्या तुरीच्या रानात कडेकडेनं लाल अंबाडी. तू तिला पुंडी म्हणायचीस, तुझ्या तोंडात तिकडची कानडी असायची. गल्लीतली पद्मम्मा तिलाच गोंगुरा म्हणायची, तिच्या घरी तेलुगू. पाल्याची भाजी सगळेच खात होते. लाल बोंडं मात्र बियांसाठी ठेवून बाकीची टाकून द्यायचे किंवा फार तर चटणीला घ्यायचे. त्याचा चहा करून विकायचा, हे डोकं तुझं. थंडीत टेम्पोतून बोंडं यायची, आपण पितळी पाइपचा आखूड तुकडा देठाकडून दाबून आतलं बी बाहेर काढायचो, लाल पाकळ्यांचं टोपणच तेवढं उरायचं, ते वाळवायचं.

आणि मी पहिल्याच मोसमात काय केलं. तू माल आणायला मैंदर्गीला गेली होतीस. आमच्याकडे कोकमाची सालं कडक उन्हात वाळवतात, उन्हाशिवाय आमसूल होतच नाही. मला वाटलं, आंबट ते आंबट, लाल ते लाल, नियम एकच. शेडच्या पत्र्यावर चढून सगळा माल पसरला. सोलापूरचं ऊन, थंडीतलं असलं तरी सोलापूरचंच. तू आलीस तेव्हा बोंडं जुन्या विटेसारखी झाली होती. एक उचलून तू उजेडात धरलंस. मी मनात पिशवी भरायला घेतली होती, आता ही मला घालवणार.

"कोकणी," तू म्हणालीस, "समिंदर वाळवाय निगालीस व्हय?"

आणि हसलीस. मग लसूण, तीळ, मिरच्या मागवल्यास आणि सगळ्या मालाची चटणी कुटायला बसवलंस. रंग गेला, आंबटपणा तर आहे, आंबटाला कोण सोडतंय, म्हणालीस. अख्ख्या गल्लीनं ती चटणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी वाळवणाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिलीस. बायका कुरकुरल्या, हिनंच तर माल घालवला. तू म्हणालीस, "जिनं एकदा घालवलं ती परत घालवत न्हाय." आक्का, काजूच्या फॅक्टरीत मला कुणी कधी किल्ली दिली नव्हती. शाळेत फळा पुसायचं फडकंसुद्धा दिलं नव्हतं. ती किल्ली आत्ता माझ्या गळ्यात आहे. परत कुणाला द्यायची, तेही तू सांगून गेली नाहीस.

ट्रेनिंगला आपण तिघी गेलो होतो, तू, पद्मम्मा आणि मी. तिथे मला पहिल्यांदा कळलं की उन्हानं मी नुसता रंग घालवला नव्हता. मॅडम म्हणाल्या, ह्या बोंडाचा लाल रंग हेच ह्याचं धन, त्याला अँथोसायनिन म्हणतात. जोडीला आंबट आम्लं, थोडं क जीवनसत्त्व, आणि झाडं स्वतःच्या राखणीला तयार करतात तसली आणखी द्रव्यं. जास्त ऊन, जास्त उकळ लागली की ती मोडतात. म्हणून सावलीत पातळ पसरून पांढऱ्या कापडाखाली वाळवायचं, चहा खळाखळा उकळायचा नाही, गरम पाणी ओतून झाकून ठेवायचा. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते सांगायला त्यांनी वांगं चिरलं. एका फोडीला लिंबू चोळलं, एकीला नाही. बिनलिंबाची फोड बघता बघता काळी पडली. शरीरातही अशीच झीज चालते, ती अडवायला ही द्रव्यं हातभार लावतात, असं त्या म्हणाल्या.

"म्हंजे मॅडम, माणूस बी वांगंच की," तू मागून म्हणालीस, आणि सगळं ट्रेनिंग हसलं.

पुढचं मॅडम हसू थांबल्यावर म्हणाल्या. ह्यानं काही लोकांचा रक्तदाब थोडा उतरतो असं दिसलंय, पण हे पेय आहे, औषध नाही. गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरला विचारून प्यावं, आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. हे आपण तिघींनी एकाच बाकावर बसून ऐकलं. घरी मात्र तिघींनी वेगवेगळं नेलं.

तुझा खेळ मला फार आवडायचा, हेही सांगते. प्रदर्शनात टेबल लागलं की तू दोन काचेचे ग्लास ठेवायचीस. एकात बोअरच्या पाण्याचा पातळ चहा. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात रंग मळकट, निळसर पडायचा. बायका नाक मुरडायच्या. मग तू लिंबू पिळायचीस आणि ग्लास एका दमात लाल व्हायचा. म्हाताऱ्या बायकासुद्धा अगं बाई म्हणायच्या. नळाचं पाणी आलेलं असेल त्या दिवशी हा खेळ रंगत नसे, म्हणून तू मुद्दाम घरून बोअरच्या पाण्याची बाटली न्यायचीस. लोक जमले की सांगायचीस, "माझा बीपी ह्याच्यानंच उतरलाय. गोळ्या दिल्या टाकून."

हे ऐकलं की मी टेबलामागून बाजूला व्हायचे. आरोग्य शिबिरात तुझा दाब चढलेला निघाला, गोळ्या दिल्या, काही आठवड्यांनी उतरलेला निघाला. तेवढ्याच दिवसांत आपला चहा सुरू झाला होता. तू श्रेय चहाला दिलंस. मी रोज सकाळी शेडवर आले की पहिला प्रश्न विचारायचे, आक्का, गोळी? तू लाल चहाचा ग्लास उंच धरायचीस. "ही काय, हातातच हाय." पद्मम्मा शेजारी बसून बोंडं सोलत हसायची. तिलाही बीपीची गोळी होती. मी तुझ्याच गोळीच्या मागे लागले होते, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाप्ये नैवेद्य घेऊन स्मशानात गेले. घरी फोटोपुढे दिवा होता, तुला आवडायचं ते एकेक पानावर मांडलं होतं: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पुंडीची भाजी. रेखा माझ्याशी बोलत नव्हती. तरी मी थर्मास भरून आपला चहा नेला होता, नळाच्या पाण्याचा, लिंबू पिळून, लालभडक. तुझ्या फोटोपुढे ग्लास ठेवताना थोडा सांडला. ज्यानं मारलं तेच पुढे ठेवतेय, असं वाटत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या टपरीचे सलीमचाचा आले. हातात कागदानं झाकलेला ग्लास. दुधाचा चहा, साय धरलेला. त्यांनी तो माझ्या ग्लासाशेजारी ठेवला आणि दोन पावलं मागे सरले. रेखा म्हणाली, "चाचा, आत्या दुधाचा चहा पीत नव्हत्या."

चाचांनी माझ्या लाल ग्लासाकडे बघितलं, मग तुझ्या फोटोकडे. चेहऱ्यावर रडू होतं, पण ओठ जरा हलले. "ये भी पीती थी बेटा, मगर दिखाने कू."

आक्का, मग ते सांगत गेले आणि आम्ही ऐकत राहिलो. रोज सकाळी टपरी उघडली की पहिलं गिऱ्हाईक तू. बाकावर आतल्या बाजूला बसायचीस, रस्त्याकडे पाठ करून. चंचीतून सुपारी काढावी तशी गोळी काढायचीस, चाचांकडून पाण्याचा ग्लास घेऊन गिळायचीस, मग साखर जास्त घातलेला दुधाचा चहा प्यायचीस, तोंड पुसायचीस आणि शेडवर येऊन माझ्यासमोर लाल ग्लास उंच धरायचीस. एक दिवस नागा नाही. चाचांनी एकदा विचारलं, लपूनछपून का? तेव्हा तू काय म्हणालीस ते त्यांनी तुझ्याच भाषेत सांगितलं.

"सलीम, गोळीचं नाव घिऊन कुणाचं पोट भरतंय? चहाचं नाव घेतलं की माझ्या बायांच्या चुली पेटत्यात."

रेखा उठली, आतून तुझी चंची घेऊन आली. सुपारी, कात, चुन्याची डबी, आणि मधल्या कप्प्यात गोळ्यांची पट्टी, अर्धी रिकामी. ती पट्टी तिने माझ्या हातात दिली. मग माझ्या शेजारी बसली. मी तेव्हा रडले, आक्का. पहिल्यांदा. तू गेलीस म्हणून, आणि चहानं गेली नाहीस म्हणून. रेखाने दवाखान्यात नंतर विचारलं होतं, जुना बीपी असला की गोळी चालू असूनही असं कधी कधी होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मला सांगायची तिची इच्छा नव्हती, त्या प्रश्नानंतर. आता तिने सांगितलं.

रडता रडता माझी नजर दाराकडे गेली. उंबऱ्यात पद्मम्मा बसली होती. ती रडत नव्हती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ती माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत होती. मग एकाएकी उठली आणि निघून गेली.

माझं रडू तिथेच थांबलं. मला समजायला जरा वेळ लागला, आणि समजलं तशी पट्टी रेखाच्या हातात देऊन उठले. तू गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

मी तिच्या घरी गेले. शेजारच्या खोलीत मागाची खडखड चालू होती, तिचा नवरा टॉवेल विणत होता. ती पलंगाच्या कडेला बसली होती. मी विचारलं, तुझी गोळी, पद्मम्मा? ती मागाकडे बघत म्हणाली, "आक्का सोडली म्हणून मी पण सोडले." कधीपासून, विचारलं. शेवगा फुलला होता तेव्हापासून, म्हणाली. डोकं दुखायचं, डोळ्यांपुढे काजवे यायचे, मग ती चहाचा एक ग्लास वाढवायची. आक्काचा उतरला तर माझा का नाही उतरणार, असं तिला वाटायचं. गोंगुरा तर आमच्याच घरचा, म्हणाली, परका थोडाच आहे.

त्याच दुपारी मी तिला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दाब एकदा मोजला, पट्टा सोडला, परत बांधला, परत मोजला. मग खुर्ची ओढून तिला बसवलं आणि उठू दिलं नाही. आम्हा दोघींना जे बोलले ते मी ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत तिथे बसलो. गोळी परत सुरू झाली. चहा काही दिवस बंद, नंतर विचारून. परतताना रिक्षा पुलाखाली आली तेव्हा पद्मम्मा म्हणाली, "खोटं बोलली माझ्याशी. पंधरा वर्षांची शेजारीण." मी मान हलवली. थोड्या वेळाने ती रडायला लागली. "मला सांगितली असती तर मी पण सलीमच्या टपरीवर आली असती की. दोघी बसलो असतो."

आक्का, मी तुझ्यावर रागावले आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण तू आत्ता समोर असतीस तर मी लिंबं तुझ्या अंगावर फेकली असती. रोज मी विचारायचे आणि तू गोळी गिळून आलेली असूनही ग्लास दाखवायचीस. माझी काळजी तुला गंमत वाटत होती का? की मी ते पचवेन असं तुला वाटलं नाही? किल्ली दिलीस, मग हेही द्यायचं होतंस. मी कुणाला सांगितलं नसतं. नाही, खोटं कशाला बोलू. पद्मम्माला सांगितलं असतं. कदाचित म्हणूनच तू सांगितलं नाहीस.

आणि दुसऱ्या क्षणी मला शेड दिसते. त्या खोट्यावरच आमच्या चुली पेटल्या, माझीसुद्धा. नवऱ्याची गाडी महिनाभर उभी होती तेव्हा घर ह्या चहावर चाललं. तू स्वतःला कसलाच फायदा ठेवला नाहीस, चुरा तेवढा पदरात नेलास, आणि तो चहाही तुला आवडत नव्हता. चुऱ्याचं तू काय करायचीस, ते रेखाने सांगितलं. दारच्या जास्वंदीला घालायचीस. मी हसले. आवडत नसलेला चहा जगाला पाजणारी आणि आवडता चहा पाठ करून पिणारी बाई, तुला मी आता कुठे शोधू?

छापखान्यात मी गेले. ते लेबल परत दिलं. छापणारा म्हणाला, ही ओळ काढली तर खप पडेल. पडला तर पडू दे, म्हटलं, माझा आवाज बारीक आला पण आला. आता वर लिहिलंय, लाल अंबाडीचा चहा, सावलीत वाळवलेला. खाली, हे पेय आहे, औषध नाही, चालू गोळी बंद करू नका. लाल रंगाबद्दल मॅडमनी जे सांगितलं तेवढंच बारीक अक्षरात, जास्त काही नाही. रंगाला जेवढं येतं तेवढंच त्याचं नाव घ्यायचं. त्यालाही ते बरं वाटत असेल.

ह्या आठवड्यात दोन दुकानांनी माल परत पाठवला. मला भीती वाटते, आक्का. मी सगळ्याला भिते, तुला माहीत आहे. पण शेडमधल्या बायकांनी एक गोष्ट केली, मी न सांगता. मधल्या सुट्टीत चहाला बसलो की ज्यांना कसली गोळी आहे त्या आधी ती सगळ्यांसमोर काढतात. एकीची शुगरची, एकीची थायरॉइडची. सलीमचाचा त्यांच्या टपरीतून पाणी पाठवतात, आणि कोणाला हवा असेल तर दुधाचा चहा. पद्मम्मा सगळ्यांत शेवटी घेते, फार थाटात, जिभेवर गोळी ठेवून, डोकं मागे टाकून.

परवा गोळ्या घ्यायच्या त्याच वेळी फोन आला, हात लाल होते म्हणून मी तो स्पीकरवर लावला. बार्शीच्या एका बाई होत्या, मागच्या वर्षी प्रदर्शनात त्यांनी तुझं लिंबाचं बघितलं होतं. त्या लाल चहावाल्या आक्का आहेत का, विचारलं. मी सांगितलं, गेल्या. मग त्यांनी हळूच, जरा अवघडून विचारलं, त्या म्हणायच्या ना ह्यानं बीपी उतरतो, गोळ्या सोडल्या त्यांनी. खरं का हो? माझ्या मिस्टरांना द्यावा म्हणते.

माझ्या डोळ्यांपुढे प्रदर्शनातली तू आलीस. तू टेबलामागे उभी, हातात पिळलेलं लिंबू, ग्लास लाल होतोय, आणि लोक अगं बाई म्हणतायत. तुला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं.

पद्मम्माने माझ्याकडे बघितलं. तिच्या गालात पाणी होतं. तिने गोळी गिळली, पदराने तोंड पुसलं आणि लाल झालेला हात पुढे करून फोन मागितला.

"गोळी सोडू नका हो," ती म्हणाली. "आमची आक्का पण सोडली नव्हती."